कोल्हापुरात बसून रशियन बातम्या वाचायच्या असतील तर

रशियाची बातमी कोल्हापुरात येते ती बहुतेक वेळा लंडन किंवा न्यूयॉर्कचा वळसा घालून. मराठी दैनिकांची परराष्ट्र पानं पीटीआय, रॉयटर्स, एपी, एएफपी यांच्या मजकुरावर चालतात आणि त्यात गैर काही नाही. पण मॉस्कोतला माणूस सकाळी काय वाचतो, तिथलं सरकार स्वतःच्या तोंडाने काय सांगतं, त्या सरकारवर नाराज होऊन देश सोडलेले रशियन पत्रकार काय लिहितात, हे त्या पानांवर क्वचितच उतरतं. ज्यांना ते थेट वाचायचं आहे त्यांच्यासाठी हा लेख. कुणाची मुलगी कझानला एमबीबीएस करते, कुणाला खताचे भाव कशाने हलतात ते समजून घ्यायचंय, कुणी स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, तर कुणाला रात्रीच्या टीव्ही चर्चांचा वीट आलाय. कारण काहीही असो, वाट एकच आहे.

भारतात या बाबतीत दारं बरीच उघडी आहेत. युक्रेनवरचा हल्ला सुरू झाल्यावर आठवडाभरातच, २ मार्च २०२२ रोजी, युरोपीय संघाने आरटी आणि स्पुतनिक यांच्या प्रसारणावर बंदी घातली. म्युनिकला नोकरी करणाऱ्या भाच्याला तुम्ही आरटीची लिंक पाठवलीत तर त्याच्याकडे ती बहुधा उघडणार नाही. राजारामपुरीत तुमच्या मोबाइलवर मात्र उघडेल. अडचण आहे ती अमेरिकी कंपन्यांच्या मंचांवर. यूट्यूबने मार्च २०२२ मध्ये रशियन सरकारच्या पैशावर चालणाऱ्या वाहिन्या जगभर बंद केल्या, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मेटाने फेसबुक-इन्स्टाग्रामवरून आरटीला काढून टाकलं. तेव्हा यूट्यूबवर आरटी शोधत बसू नका. तिथे त्या नावाने जे सापडेल ते कुणीतरी परत चढवलेलं असतं, कधी कापून, कधी जोडून. थेट त्यांच्या संकेतस्थळावर जा.

खरी अडचण त्यापुढची आहे. दहा ठिकाणं उघडतात, पण त्यातलं कोणतं कशासाठी वाचायचं? यावर माझी पद्धत साधी आहे. बातमी कोणत्या भाषेत आहे, ती आपल्याला पटते की नाही, हे नंतर. आधी एवढं बघायचं, की लिहिणारा कोणत्या देशाच्या कायद्याखाली बसून लिहितो आणि त्याचा पगार कोण देतो. एवढं कळलं की तीच बातमी निराळी दिसायला लागते.

आपल्या वडिलांच्या पिढीला हा प्रश्न पडत नव्हता, कारण त्यांच्यासमोर एकच खिडकी होती. सोव्हिएत मासिकांचे गुळगुळीत रंगीत कागद अनेक घरांत आधी वाचले गेले आणि मग पोरांच्या वह्यांची कव्हरं झाले. मॉस्कोच्या प्रगती, रादुगा, मीर या प्रकाशनांची पुस्तकं लोकवाङ्मय गृहाच्या दुकानांतून आणि फिरत्या प्रदर्शनांतून इतक्या स्वस्तात मिळायची की शाळामास्तरही घरी छोटं ग्रंथालय थाटायचा. अनिल हवालदारांसारखे अनुवादक मॉस्कोत राहून ती मराठीत आणत. शेजारच्या वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९६१ साली तिकडे गेले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहून मोकळे झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोतल्या परकीय साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळाही उभा राहिला. या सगळ्यामुळे आपल्याकडे रशियाबद्दल एक आपुलकी आहे. ती असू द्या. फक्त बातमी वाचताना ती थोडी बाजूला ठेवा, कारण आजचा रशिया त्या पुस्तकांतला नाही. तसाच तो पाश्चात्त्य वाहिन्यांच्या रात्रीच्या चर्चेतलाही नाही.

सरकारी आवाज

सुरुवात इथूनच करावी. सरकारचं म्हणणं नेमकं काय आहे हे माहीत नसेल, तर त्यावरची टीका वाचून उपयोग नाही.

आरटी २००५ मध्ये सुरू झाली, तीच मुळी परदेशी प्रेक्षकांसाठी. स्पुतनिक २०१४ मध्ये आली, आणि २०२२ च्या अखेरीस तिची भारतीय आवृत्ती इंग्रजी व हिंदीत सुरू झाली. डिसेंबर २०२५ मध्ये पुतिन दिल्लीला आले तेव्हा आरटी इंडिया ही दिल्लीतून चालणारी वाहिनीही आली. मराठी वाचकाला हिंदी स्पुतनिक सगळ्यात सोपं. पण हे लक्षात घ्या, की हा माल आपल्यासाठी बनवलेला आहे. भारतीय वाचकाला काय रुचेल याचा अंदाज घेऊनच तो मांडलेला असतो: वसाहतवादाची आठवण, पाश्चात्त्यांचा दुटप्पीपणा, जुनी मैत्री. यातलं बरंच खरंही असतं. मात्र हे वाचून ‘रशियन लोक काय ऐकतात’ ते कळत नाही. ते कळायला रशियाच्या ‘पहिल्या वाहिनी’वरचं ‘व्रेम्या’ हे बातमीपत्र बघावं लागतं. ते १९६८ पासून चालू आहे आणि मॉस्कोच्या रात्री ९ वाजता, म्हणजे आपल्या साडेअकराला लागतं. भाषा कळली नाही तरी कोणत्या बातमीला किती वेळ दिला, कोणती शेवटी टाकली, कोणती आलीच नाही, हे डोळ्यांना कळतं.

रोजच्या वापरासाठी मी टासकडे जातो. १९०४ पासूनची परंपरा असलेली ही सरकारी वृत्तसंस्था, आणि तिची इंग्रजी सेवा वेगवान आहे. टासचं वाक्य बहुधा ‘संरक्षण मंत्रालयाने सांगितलं’, ‘पेस्कोव्ह यांनी पत्रकारांना सांगितलं’ असं असतं. ते तसंच वाचायचं: मंत्रालयाने असं सांगितलं, ही बातमी खरी. मंत्रालयाने सांगितलेली गोष्ट खरी की नाही, हा वेगळा प्रश्न. राष्ट्राध्यक्षांचे प्रवक्ते दिमित्री पेस्कोव्ह कामाच्या दिवसांत पत्रकारांशी दूरध्वनीवर बोलतात, साधारण तिथल्या दुपारी. आपल्याकडे तेव्हा अडीच-तीन वाजलेले असतात. म्हणजे दुपारचं जेवण उरकून थोडी वामकुक्षी झाली की क्रेमलिनची त्या दिवसाची भूमिका तयार असते.

त्याहून चांगलं म्हणजे मूळ कागद. क्रेमलिनच्या संकेतस्थळावर पुतिन यांच्या भाषणांची आणि भेटींची संपूर्ण शब्दांकनं इंग्रजीत येतात. परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्या मारिया झाखारोव्हा यांच्या साप्ताहिक पत्रकार परिषदेचा मजकूरही येतो. मोठं भाषण असेल तर त्यावरची एकही बातमी न वाचता आधी ते भाषण वाचा. दोन तास जातील, पण दोन महिन्यांच्या चर्चा वाचतील. रशियन सरकारी संकेतस्थळं परदेशातून कधीकधी उघडत नाहीत. तेव्हा चिडून उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी बघा, किंवा टासवरचा सारांश घ्या.

मधली जागा

४ मार्च २०२२ रोजी रशियात एक कायदा झाला. सैन्याबद्दल ‘खोटी माहिती’ पसरवली तर १५ वर्षांपर्यंत कैद. खोटी कोणती, हे ठरवायचं सरकारने. त्याच्या आगेमागे ‘एखो मॉस्क्वी’ हे रेडिओ केंद्र बंद झालं, ‘दोझ्द’ वाहिनीने काम थांबवलं, आणि ज्यांचे संपादक दिमित्री मुरातोव्ह यांना काही महिन्यांपूर्वीच शांततेचं नोबेल मिळालं होतं त्या ‘नोवाया गझेता’ने २८ मार्चला छपाई थांबवली. म्हणून आज रशियात छापलेल्या वर्तमानपत्रात युद्धाला ‘विशेष लष्करी मोहीम’ म्हटलेलं दिसलं, तर त्यावरून त्या बातमीदाराचं मत ठरवू नका. त्याला दुसरं काही लिहिता येत नाही.

पण या कायद्याने सगळंच गोठलेलं नाही, आणि आपल्याकडच्या वाचकांचं नेमकं हेच हुकतं. कोमेरसांत, वेदोमोस्ती, आरबीके ही मॉस्कोची आर्थिक वृत्तपत्रं अजून वाचण्याजोगी आहेत. मालक सरकारशी भांडणारे नाहीत, हे खरं. कोमेरसांत अलिशेर उस्मानोव्ह या अब्जाधीशाचं आहे. वेदोमोस्ती १९९९ साली फायनान्शियल टाइम्स आणि वॉल स्ट्रीट जर्नल यांच्या भागीदारीत निघालं होतं, ते दिवस गेले. तरीही व्याजदर, तेलाची सवलत, कारखान्यांत कामगारांचा तुटवडा, रेल्वेची मालवाहतूक, बँकांची थकबाकी यावर तिथे सरळ लिहिलं जातं, कारण ते वाचणाऱ्या व्यापाऱ्याला खरे आकडे लागतात. रशियाच्या मध्यवर्ती बँकेने ऑक्टोबर २०२४ मध्ये व्याजदर २१ टक्क्यांवर नेला, तेव्हा तिथल्या उद्योजकांची बोंब या पत्रांत रोज वाचायला मिळत होती. युद्धाचं ओझं कुणाच्या खांद्यावर पडतंय हे आघाडीच्या बातमीपेक्षा तिथे जास्त दिसलं.

शिरोळ-करवीरच्या ऊस उत्पादकाला याचा थेट उपयोग आहे. रशिया हा भारताला खतं पुरवणाऱ्या मोठ्या देशांपैकी एक, आणि डिसेंबर २०२१ पासून तिथलं सरकार खतांच्या निर्यातीला कोटा लावतं, जो दर काही महिन्यांनी पुढे वाढवला जातो. त्याची बातमी इंटरफॅक्स या वृत्तसंस्थेवर आणि कोमेरसांतमध्ये आधी येते. आपल्या सोसायटीच्या फलकावर ‘डीएपी शिल्लक नाही’ हे त्यानंतर बऱ्याच दिवसांनी लागतं. दोन्हींचा संबंध दर वेळी असेलच असं नाही, मध्ये चीन, अनुदान, जहाजभाडं बरंच काही असतं. सूर्यफूल तेलाचंही तसंच. सप्टेंबर २०२१ पासून रशियाचा त्यावरचा निर्यात कर बाजारभावाप्रमाणे बदलत असतो आणि त्याचे आकडे तिथलं कृषी मंत्रालय जाहीर करतं. किराणा-तेलाचा घाऊक धंदा असलेल्याने हे महिन्यातून एकदा बघायला हरकत नाही. खतांच्या बातम्या शोधताना ‘उरलकाली’, ‘फोसअॅग्रो’ या कंपन्यांच्या नावाने शोधा, काम लवकर होतं.

बाहेर पडलेले

तिसरा गट देश सोडून गेलेल्यांचा. मेदुझा २०१४ पासून लाटव्हियातल्या रीगामधून चालतं आणि त्याची इंग्रजी आवृत्ती नियमित आहे. ‘नोवाया गझेता युरोप’ही रीगाहून निघतं. ‘द मॉस्को टाइम्स’ हे इंग्रजी पत्र १९९२ पासून मॉस्कोत होतं, ते आता अॅमस्टरडॅमहून चालतं. ‘दोझ्द’ यूट्यूबवर आहे. अर्थकारणासाठी ‘द बेल’चं इंग्रजी वार्तापत्र, तर न्यायालयं आणि तुरुंग यांच्यासाठी ‘मेदियाझोना’.

त्यांचं सगळ्यात मोठं काम मोजणीचं आहे. रशियाने स्वतःच्या मृत सैनिकांचा आकडा शेवटचा दिला तो सप्टेंबर २०२२ मध्ये, ५,९३७. त्यानंतर अधिकृत मौन. मेदियाझोना आणि बीबीसीची रशियन सेवा यांनी गावोगावच्या श्रद्धांजल्या, स्थानिक बातम्या आणि कबरींवरची नावं जमवत एकेका नावानिशी यादी केली. २०२५ मध्ये ती एक लाखाच्या पुढे गेली. नाव सापडलं तरच मोजायचं, असा त्यांचा नियम आहे. म्हणून हा आकडा किमान समजायचा.

हे लोक धाडसी आहेत म्हणून डोळे झाकून वाचावेत असं मात्र नाही. ते देशाबाहेर आहेत, त्यांचे आतले स्रोत निनावी आहेत, त्यांचा वाचकही बराचसा स्थलांतरित आहे. पैसा वर्गणीतून आणि परदेशी अनुदानातून येतो. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने मदत गोठवली तेव्हा यातल्या कित्येकांची ओढाताण झाली. रशियाच्या एखाद्या लहान शहरात शांतपणे चाललेलं रोजचं जगणं त्यांच्याकडे कमी दिसतं. ते तुम्हाला स्थानिक पत्रांतच मिळेल.

एक घटना तीन ठिकाणी वाचून पाहायची असेल तर २२ मार्च २०२४ च्या रात्रीचा, मॉस्कोजवळच्या क्रोकस सिटी हॉलवरचा हल्ला घ्या. १४० हून अधिक माणसं मेली. पहिली दृश्यं टेलिग्रामवर ‘बाझा’सारख्या, पोलिसांशी संधान असलेल्या वाहिन्यांनी टाकली. त्याच रात्री इस्लामिक स्टेटने जबाबदारी घेतली. दुसऱ्या दिवशी पुतिन यांनी दूरचित्रवाणीवरून सांगितलं, की संशयित युक्रेनच्या दिशेने निघाले होते आणि सीमेवर त्यांच्यासाठी वाट करून ठेवली होती. युक्रेनने ते नाकारलं. २५ मार्चला पुतिन म्हणाले, की कृत्य कट्टर इस्लामवाद्यांनी केलं, पण ते करवून कुणी घेतलं हे शोधायचं आहे. आता अमेरिकी दूतावासाने ७ मार्चलाच मॉस्कोत गर्दीच्या ठिकाणी हल्ल्याचा इशारा दिला होता आणि हल्ल्याच्या तीन दिवस आधी पुतिन यांनी अशा इशाऱ्यांना चिथावणी म्हटलं होतं, ही गोष्ट कोणत्या माध्यमात पहिल्या परिच्छेदात आहे, कोणत्या माध्यमात तळाशी, आणि कुठे गायब, ते जुनी पानं काढून तपासा. कुणी खोटं छापलं असेल असं नाही. क्रम बदलला की अर्थ बदलतो, आणि ते पकडायला रशियन यावंच लागतं असं नाही.

यंत्राकडून भाषांतर करून घेणं आता सोपं आहे. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये पान उघडून भाषांतराची सोय वापरा, पण रशियनमधून थेट मराठीत नेण्यापेक्षा इंग्रजीत नेलेलं जास्त विश्वासार्ह निघतं. आडनावांची आणि नकारार्थी वाक्यांची यंत्र गफलत करतं. महत्त्वाचं वाक्य दोन वेगवेगळ्या साधनांतून काढून बघा. शोध घेतानाही विषय आधी रशियनमध्ये भाषांतरित करून तो शब्द शोधचौकटीत चिकटवा. इंग्रजीत शोधलं की फिरून रॉयटर्सवरच पोचाल. यांडेक्स हे तिथलं शोधयंत्र त्यासाठी बरं. पण त्याने आपली बातम्यांची सेवा २०२२ मध्ये व्हीके या कंपनीला विकली, आणि तिथे वर येतात त्या नोंदणीकृत, म्हणजे सरकारला चालणाऱ्या माध्यमांच्याच बातम्या.

टेलिग्रामवरच्या युद्धवार्ताहरांचे चॅनेल, त्यातलं ‘रिबार’ सर्वात माहितीतलं, वेगवान असतात आणि सैन्यातल्या गोंधळावर कधी मंत्रालयापेक्षा स्पष्ट बोलतात. जून २०२३ मध्ये भाडोत्री सैन्याचा म्होरक्या प्रिगोझिन याने बंड केलं तेव्हा सरकारी वाहिन्या चाचपडत होत्या आणि टेलिग्राम धावत होता. पण तिथून उचलून कोल्हापूरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. निदान एक रात्र जाऊ द्या.

पोरं तिकडे असतील तर

कझान, ऊफा, पेन्झा, ओरेनबुर्ग अशा शहरांत वैद्यकीय शिक्षण घेणारी मुलं महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून जातात. त्यांच्या आईवडिलांनी मॉस्कोच्या राजकारणाआधी त्या शहराचं स्थानिक माध्यम शोधावं. कझानसाठी ‘रियलनोए व्रेम्या’ आणि ‘बिझनेस ऑनलाइन’, सेंट पीटर्सबर्गसाठी ‘फोंतांका’, येकातेरिनबुर्गसाठी ‘ई-वन’. २१ डिसेंबर २०२४ ला कझानच्या उंच इमारतींवर ड्रोन आदळले. अशा वेळी कोणता भाग, विमानतळ चालू की बंद, हे आधी अशाच ठिकाणी येतं. आपल्या वाहिन्यांवर नुसती ज्वाळांची चित्रं फिरत राहतात. विमानतळ बंद-चालूची घोषणा रोसअविआत्सिया ही हवाई वाहतूक संस्था टेलिग्रामवर करते.

२०२५ च्या उन्हाळ्यापासून ड्रोनच्या भीतीने रशियात अनेक प्रांतांत मोबाइल इंटरनेट वारंवार बंद ठेवलं जातं. ऑगस्ट २०२५ पासून व्हॉट्सअॅप आणि टेलिग्रामवरच्या कॉलवर निर्बंध आले, आणि सप्टेंबरपासून नव्या फोनमध्ये ‘मॅक्स’ हे सरकारपुरस्कृत अॅप आधीच घातलेलं येतं. मुलाचा फोन लागला नाही, की आधी त्याच्या शहरात इंटरनेट बंद आहे का ते स्थानिक माध्यमात पाहा. वसतिगृहाचा नंबर, त्याच्या एका मित्राचा नंबर आणि साध्या कॉलची ठरलेली वेळ कागदावर लिहून ठेवा. मॉस्कोतला भारतीय दूतावास, सेंट पीटर्सबर्ग आणि व्लादिवोस्तोकचे वाणिज्य दूतावास, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरू झालेले कझान व येकातेरिनबुर्गचे, यांतला आपल्या शहराला कोणता लागतो तेही.

आणि एक काळजी घ्याच. मेदुझा, नोवाया गझेता युरोप, दोझ्द, द मॉस्को टाइम्स यांना रशियाने ‘अनिष्ट संघटना’ ठरवलं आहे. तिथे राहणाऱ्याने त्यांच्या लिंक पुढे पाठवल्या तर दंड होतो, पुन्हा केलं तर फौजदारी. त्यांना वर्गणी देणं तर थेट गुन्हा. १ सप्टेंबर २०२५ पासून ‘अतिरेकी’ यादीतला मजकूर मुद्दाम शोधणंही दंडनीय आहे. म्हणजे तुम्ही इथे बसून हे सगळं खुशाल वाचा, पण ‘बघ रे, तुझ्याकडे काय चाललंय’ म्हणून ती लिंक मुलाला धाडू नका. फोनवर त्याचं मत विचारू नका. तो जेवला का ते विचारा.

नोकरीच्या आमिषाने गेलेले काही भारतीय रशियन सैन्यात अडकले आणि त्यातले काही मारले गेले. जुलै २०२४ मध्ये पंतप्रधानांनी मॉस्कोत तो विषय काढला. टेलिग्राम किंवा यूट्यूबवर ‘मदतनीस’, ‘सुरक्षारक्षक’ अशी जाहिरात दिसली आणि करार रशियनमध्ये असेल, तर सही आधी नको. प्रत्येक पानाचा फोटो काढून भाषांतर करून घ्या, आणि रशियन येणाऱ्या एखाद्या माणसाला दाखवा.

असा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. शिवाजी विद्यापीठाच्या विदेशी भाषा विभागात रशियन शिकवली जाते. मुंबईत पेडर रोडवरच्या रशियन हाउसमध्येही वर्ग असतात. रशियन लिपीत ३३ अक्षरं आहेत आणि देवनागरी वाचणाऱ्याला ती फार जड जात नाहीत, कारण अक्षर बघितलं की उच्चार बराचसा हाती येतो. व्याकरण पुढे घाम काढतं. पण मथळे, शहरांची आणि माणसांची नावं वाचता येऊ लागली तरी यंत्राने कुठे गफलत केली ते तुमच्या तुम्हाला दिसतं. प्रवेश साधारण शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला होतात. जूनमध्ये विभागात जाऊन चौकशी करा.